कराराचा कापूस, वेचणीची मजुरी

बासर 2016 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते, आता निर्मल जिल्ह्यात आहे. शेजारीच नांदेडचे धर्माबाद. दोन राज्यांच्या सीमेच्या दोन्ही अंगांना काळी जमीन आणि कापूस.

आयात कापसावर फेब्रुवारी 2021 पासून एकूण 11 टक्के शुल्क होते. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार 29 डिसेंबर 2022 ला लागू झाला आणि तिथला 51,000 टन कापूस दरवर्षी शुल्काविना येण्याची वाट मोकळी झाली. ऑगस्ट 2025 मध्ये सरकारने करार नसलेल्या देशांसाठीही हे शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केले. सूतगिरण्यांना स्वस्त कापूस हवा, हे खरेच. तिथेही कामगारांची पोटे आहेत.

पण भाव पडला की झळ आधी बांधावर लागते. वेचणी किलोवर असते. बायका कमरेला ओटी बांधून ओळीने वेचतात, बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटे सोलवटतात. भाव नसला की शेतकरी मजुरीत हात आखडतो, शेवटची वेचणी सोडून देतो. ब्रिटनशी 24 जुलै 2025 ला झालेल्या करारातून कपड्यांच्या कारखान्यांत रोजगार वाढेल, असे सांगतात. ते कारखाने तिरुप्पूरला आहेत. या बायकांचे घर इथे आहे.