बुडालेल्या मजुरीचा हिशेब

स्तनाचा कॅन्सर हा खात्यापित्या घरच्या, शहरी बायकांचा आजार, असा समज आपल्याकडे रुजलेला आहे. तो अगदीच निराधार नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी भागात १९८७ पासून कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवली जाते. तिथल्या ग्रामीण बायकांमध्ये या कॅन्सरचे प्रमाण मुंबईपेक्षा बरेच कमी दिसते. पहिले मूल उशिरा होणे, मुले कमी असणे, अंगावर कमी पाजणे, वाढलेले वजन ही शहरात ते जास्त असण्याची काही कारणे. पण आजार कोणाला होतो आणि त्याने कोण मरते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार अतिविकसित देशांत १२ पैकी एका बाईला आयुष्यात कधीतरी हा कॅन्सर होतो आणि ७१ पैकी एक त्याने दगावते. सर्वात मागास देशांत तो २७ पैकी एकीलाच होतो, पण दगावते ४८ पैकी एक. म्हणजे आजार निम्म्याहून कमी आणि मरण मात्र जास्त. माझ्या मते गरिबीचा खरा वाटा इथे आहे: ती गाठ आणत नाही, गाठीवरचा इलाज लांबवते.

सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, आणि रोजंदारीवर जगणाऱ्या घरात न दुखणाऱ्या गोष्टीसाठी खाडा करता येत नाही. तालुक्याला जायचे तर त्या दिवसाची मजुरी गेली. तिथून सोनोग्राफीसाठी जिल्ह्याला, मग गाठीचा तुकडा तपासायला आणखी कुठे, अहवालासाठी पुन्हा एक फेरी. सोबत नवरा किंवा मुलगा आला तर त्याचाही रोज बुडतो. सुगी संपू दे, मुलीचे लग्न उरकू दे, असे म्हणता म्हणता वर्ष सरते. त्या वर्षाची किंमत काय? देशातल्या ११ कॅन्सर नोंदणी केंद्रांच्या माहितीनुसार आजार स्तनापुरताच असताना सापडलेल्या शंभर बायकांपैकी सुमारे ८१ पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. तो शरीरात दूरवर पसरल्यावर सापडला, तर जेमतेम १८.

यावर हमखास ऐकू येते ते असे, की बायका लाजतात, त्यांना माहिती नसते, जनजागृती करा. लाज असते, माहितीही हवीच. पण टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुरू केलेला अभ्यास वेगळेच सांगतो. त्यात दीड लाखाहून अधिक बायका होत्या. एका गटाला कॅन्सरची माहिती एकदा दिली. दुसऱ्या गटातल्या बायकांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणीही केली, अशा चार फेऱ्या झाल्या. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. तपासलेल्या गटात आजार आधीच्या टप्प्यात सापडत होता आणि पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी होते. सर्व वयोगट मिळून दिसलेली घट मात्र निर्णायक म्हणता येण्याइतकी नव्हती, हेही सांगायला हवे. तरीही महागड्या मॅमोग्राफीवाचून, शिकवून तयार केलेल्या हातांनी हे साधले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आता महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार मोफत होतात, मग पैशाचे कारण उरले कुठे? योजनेने असंख्य घरे कर्जातून वाचवली असतील, यात मला शंका नाही. पण शस्त्रक्रिया आणि केमोचे बिल भरले गेले, तरी महिनोन्महिने शहरात राहण्याचे भाडे, एसटीच्या फेऱ्या आणि बुडालेले रोज कोण भरणार? शिवाय योजनेचा मोठा आधार मिळतो तो निदान झाल्यावर, आणि उशीर होतो तो निदानाच्या आधी. आपल्या बायकांचा कॅन्सर मुळातच आक्रमक असतो, असेही म्हटले जाते. काही प्रकार इथे अधिक दिसतात, हे खरे. पण आक्रमक गाठीला तर वाट पाहायला लावणे अधिकच घातक.

तिशीनंतर प्रत्येक स्त्रीची स्तनतपासणी व्हावी, असे सरकारी धोरण आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ती कधीतरी झालेल्या होत्या ०.९ टक्के, शंभरात एकही नाही. ज्या वेळेत ओपीडी उघडी असते, नेमक्या त्याच वेळेत शेतमजूर बाई खुरपणीला गेलेली असते. ही तपासणी संध्याकाळी वस्तीवर किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवली आणि पुढच्या चाचण्यांसाठी प्रवासखर्चासोबत त्या दिवसाची मजुरीही हातात दिली, तर सुगी संपायची वाट पाहण्याचे कारणच उरणार नाही.