व्लादिस्लाव लिस्त्येव : लोकप्रिय निवेदकाचा अनुत्तरित खून

१ मार्च १९९५ च्या रात्री मॉस्कोतील नोवोकुझ्नेत्स्काया रस्त्यावरील राहत्या इमारतीच्या जिन्यात पत्रकार व निवेदक व्लादिस्लाव लिस्त्येव यांची गोळ्या झाडून हत्या झाली. जवळची रोकड शाबूत होती. त्यामुळे लुटीचा तर्क टिकला नाही. दुसऱ्या दिवशी वाहिन्यांनी नेहमीचे कार्यक्रम थांबवून पडद्यावर त्यांचे छायाचित्र ठेवले. अध्यक्ष बोरिस येल्त्सिन स्वतः ओस्तांकिनो दूरचित्रवाणी केंद्रात आले.

एका निवेदकासाठी एवढा देश का हळहळला? १९५६ मध्ये जन्मलेले लिस्त्येव मॉस्को विद्यापीठात पत्रकारिता शिकले. १९८७ मध्ये, गोर्बाचेव्ह यांच्या खुलेपणाच्या धोरणाच्या काळात, 'व्झग्ल्याद' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात हे तरुण निवेदक मोकळेपणाने बोलत. सरकारी छापाच्या बातम्यांना सरावलेल्या प्रेक्षकांना हे नवलच होते. पुढे १९९० मध्ये अमेरिकी 'व्हील ऑफ फॉर्च्यून'च्या धर्तीवरील 'पोले चुदेस' हा शब्दखेळ आला आणि लिस्त्येव घरोघरी पोहोचले. 'तेमा' व 'चास पिक' हे चर्चेचे कार्यक्रम त्यानंतरचे.

जानेवारी १९९५ मध्ये ते नव्या 'ओआरटी' वाहिनीचे महासंचालक झाले. फेब्रुवारीत त्यांनी वाहिनीवरील जाहिराती काही काळ बंद ठेवण्याचे जाहीर केले. जाहिरातींची वेळ विकणाऱ्या मध्यस्थांच्या उत्पन्नावरच हा घाला होता. खुनाचे कारण म्हणून अनेकांनी या निर्णयाकडे बोट दाखविले. न्यायालयात मात्र कोणावरही गुन्हा शाबीत झाला नाही. २००९ मध्ये तपास स्थगित करण्यात आला. 'पोले चुदेस'चे सूत्रसंचालन लिस्त्येव यांच्या हयातीतच, १९९१ मध्ये, लिओनिद याकुबोविच यांच्याकडे गेले होते. तो खेळ पुढेही कित्येक वर्षे चालला.