हत्तीचा पाय... तुमच्या टेबलावर!

मनी प्लांट झाला, लकी बांबू झाला, कॅक्टसही झाला. आता घरात काहीतरी हटके हवंय? मग 'एलिफंट्स फूट'ला भेटा. पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो, ''कुंडीत कासव का ठेवलंय?''

शास्त्रीय नाव डायोस्कोरिया एलिफंटाइप्स. मुक्काम पोस्ट दक्षिण आफ्रिकेचा केप भाग. मातीवर ठाण मांडून बसलेला गड्डा आणि त्याच्या माथ्यावरून निघणारी नाजूक वेल, पत्त्यांतल्या बदामासारख्या पानांची. लहानपणी गड्डा गुळगुळीत असतो, वय वाढतं तशी त्याची साल तडकत जाते. आणि परका म्हणाल, तर तसा नाहीच! आपलं कोनफळ आणि करांदे याच्याच कुळातले.

गड्डा म्हणजे या झाडाचं सेव्हिंग्ज अकाउंट. पाणी आणि अन्न त्यात साठवायचं आणि कोरड्या उन्हाळ्यात वेल वाळवून चक्क झोपायचं! इथेच बहुतेकांची विकेट पडते. वेल पिवळी पडली की आपण घाबरून पाणी ओततो आणि गड्डा कुजतो. तेव्हा पानं वाळली की पाणी बंद. कुंडी पावसापासूनही दूर ठेवा. साधारण पावसाळा सरताना कोंब दिसेल, मग हळूहळू पाणी सुरू करा. भुसभुशीत, खडीमिश्रित माती, तळाला भोक असलेली कुंडी आणि वेल चढवायला तारेची रिंग, बस्स! वेलीला भरपूर उजेड द्या, गड्ड्याला मात्र कडक ऊन नको.

एकच अट, घाई नको. बी पेरलं, तर गड्डा संत्र्याएवढा व्हायला कित्येक वर्षं लागतात. म्हणूनच तयार, मोठा गड्डा घ्यायचा मोह होतो. पण थांबा! मोठे, ओरखडलेले गड्डे अनेकदा रानातून उपटलेले असतात. २०१९ पासून दक्षिण आफ्रिकेतून दुर्मीळ झाडांची चोरटी विक्री खूप वाढलीय. उपटलेल्या गड्ड्याची मुळं तुटलेली असतात, त्यामुळे तो तुमच्याकडे जगेलच असं नाही. आणि तिकडे डोंगरावर पन्नासेक वर्षांची जागा रिकामी झालेली असते.

तेव्हा विकणाऱ्याला बिनधास्त विचारा, ''बियांपासून केलंय का?'' उत्तर देताना तो अडखळला, तर सरळ पुढे चला. लिंबाएवढा गड्डा घ्या. ईएमआय फिटेपर्यंत त्याला पहिल्या भेगा पडलेल्या असतील!