जमाबंदी ते पोलाद

भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात वसली, तो पूर्वी मध्यप्रांतात मोडे. याच प्रांतात चिंतामणराव देशमुखांनी मुलकी नोकरी आरंभिली. महाडजवळील नाते गावचा हा संस्कृतज्ञ १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेत पहिला आला. परंतु खरी कसोटी लागली ती जमाबंदीच्या कामात. जमिनीचा कस पाहून पुढील अनेक वर्षांचा सारा ठरवावयाचा. तो चढा बसला तर शेतकरी बुडाला! १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पुढे १९५५ च्या फेब्रुवारीत भिलाईच्या दहा लाख टनी पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत रशियाशी झाला, तेव्हा देशाचे अर्थखाते त्यांच्याकडे होते. तेथील पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. चिंतामणरावांनी मात्र १९५६ मध्येच, मुंबईच्या प्रश्नावर, मंत्रिपद सोडले होते.