कुंडीतला ख्रिसमस वृक्ष

अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न चिरणारी घरे छत्रपती संभाजीनगरात आजही पुष्कळ आहेत. त्याच घरांतील मुले डिसेंबरमध्ये शाळेत ख्रिसमसचा वृक्ष सजवतात. शाळेच्या निधीसाठी काही विकावयाचे ठरले, तर त्या हंगामात हाच वृक्ष खपाऊ वाटेल, यात नवल नाही. मात्र तो कोणत्या रूपात विकावा, हा प्रश्न जैन पालकांना टाळता येत नाही.

अमेरिकेत अशा विक्रीची जुनी रीत आहे. पालक-संघ तोडलेली फरची झाडे शेतकऱ्याकडून घाऊक भावाने घेतो, शाळेच्या आवारात किरकोळीने विकतो आणि मधला नफा शाळेला देतो. हिशेब चोख असतो. परंतु पुरुषभर उंचीचे झाड वाढण्यास सात ते दहा वर्षे लागतात आणि दिवाणखान्यात ते जेमतेम महिनाभर टिकते.

श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्मानंतर लगेच वनकर्म येते. उपासकदशांग सूत्रात ही यादी आहे आणि हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात तिचे विवरण आहे. झाडे तोडून विकणे हा निषिद्ध व्यापार होय. निधी ज्ञानदानासाठी आहे, एवढ्याने साधन शुद्ध होत नाही. त्याच योगशास्त्रात सद्गृहस्थाच्या पस्तीस गुणांमध्ये न्यायाने मिळविलेल्या धनाला पहिले स्थान आहे. (काटेकोरपणे पाहिले तर रोपवाटिकेचा धंदाही आरंभापासून मुक्त नाही, गृहस्थाला कमी-अधिक हिंसेतूनच निवड करावी लागते.)

सुदैवाने आपल्याकडे रोपवाटिकांत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळते ते बहुधा कुंडीतले, जिवंत अरोकेरिया असते. त्याची एक परिचित जात ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या दरम्यानच्या नॉरफोक बेटावरची. कॅप्टन कुकने ते बेट 1774 मध्ये पाहिले. समुद्राच्या दमट, सौम्य हवेत वाढणारे हे झाड मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हाल सोसते. कोरड्या झळांनी खालच्या फांद्या वाळतात आणि गळून गेलेली फांदी त्या जागी पुन्हा फुटत नाही. शेंडा मोडला तर डौल जातो. पाणी साचले की मुळे कुजतात.

म्हणून ही विक्री पैसे गल्ल्यात पडताच संपत नाही. डिसेंबरात घेतलेले रोप एप्रिल-मेच्या उन्हात कोणी सांभाळायचे, हे विकतानाच सांगावयास हवे. कुंडीखाली छिद्र असावे; वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे; उन्हाळ्यात दुपारचे ऊन टाळावे, मात्र उजेड भरपूर मिळावा. अशी मराठीत छापलेली चिठ्ठी प्रत्येक कुंडीला बांधली, तर ग्राहकाशी प्रामाणिकपणा राहील. न विकलेल्या रोपांचे काय, हेही आधीच ठरवावे. पेढीवर उरलेल्या मालाची नोंद ठेवणाऱ्यांना हे सांगणे नको.

पुढचा विचार अधिक सोपा आहे. शाळा जूनमध्ये उघडते आणि मृगाचा पाऊसही तेव्हाच येतो. सीताफळ, कडुनिंब, केशर आंबा ही या मातीत रुजणारी झाडे. हिमायत बागेतील फळ संशोधन केंद्र तर शहरातच आहे. निधीसाठी रोपेच विकावयाची असतील, तर डिसेंबरचा हट्ट सोडून पहिल्या पावसानंतर विक्री मांडता येईल. त्याच दिवशी मागच्या वर्षीच्या ग्राहकांकडे मुलांना पाठवावे आणि किती रोपे जगली, ते जमाखर्चाच्या वहीत लिहून घ्यावे.