लीड्सच्या भोजनगृहातील एक रात्र

कामगार संघटनेत काम करणाऱ्या माणसाने व्याख्यानमालेत बोलायचे ते बोनसवर, महागाई भत्त्यावर, फार तर कंत्राटी पद्धतीवर, अशी एक समजूत आहे. आम्हीही आजवर तसेच बोलत आलो. म्हणूनच यंदा आम्ही इंग्रजी रॉक संगीताच्या एका तबकडीवर बोलतो म्हटल्यावर चालकांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. संगीतशास्त्राचे आमचे शिक्षण झालेले नाही. जे काही कळले ते ऐकून आणि पुस्तके धुंडाळून. परंतु ही तबकडी म्हणजे चार माणसांच्या एका रात्रीच्या कामाची नोंद आहे, आणि कामाच्या नोंदी वाचण्याची आम्हाला थोडी सवय आहे.

तबकडीचे नाव ‘लाइव्ह ॲट लीड्स’, वाद्यवृंदाचे नाव ‘द हू’. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात, जेथे एरवी विद्यार्थी जेवतात, तेथे १४ फेब्रुवारी १९७० रोजी, शनिवारी, हा कार्यक्रम झाला. चौघेही वादक तेव्हा २३ ते २५ या वयाचे. गायक रॉजर डॉल्ट्री हा गाण्यात येण्यापूर्वी कारखान्यात पत्र्याचे काम करीत होता. जॉन एंटविसल हा बास गिटार वाजवणारा; तो करखात्याच्या कचेरीत नोकरी करून आलेला. पीट टाउनशेंड गिटार वाजवी आणि गाणी रचत असे. ड्रम वाजवणारा कीथ मून चौघांत धाकटा. म्हणजे आवाज एक आणि वाद्ये तीन. तबकडी ऐकताना मात्र वाटते की व्यासपीठावर आठदहा माणसे असावीत. हे कसे घडते, तेच प्रथम सांगावयाचे आहे.

आपल्या मैफलीत तबलजी ठेका धरतो, आणि त्या ठेक्याच्या भरवशावर गवई हिंडून येतो. नेहमीच्या रॉक वाद्यवृंदातही ड्रम आणि बास यांनी पाया धरायचा व गिटारने वर खेळायचे, अशी वाटणी असते. या चौघांनी ती उलटी केली. मून ठेका धरून बसतच नाही; गायकाच्या प्रत्येक शब्दावर, गिटारच्या प्रत्येक झटक्यावर तो काहीतरी बोलत राहतो. एंटविसलचा बास खालच्या पट्टीत राहूनही मुख्य वाद्यासारखा धावतो. मग लय सांभाळतो कोण? तर टाउनशेंड, आपल्या गिटारच्या भरघोस स्वरसमूहांनी. ज्याने मिरवायचे तोच हमाली करतो, आणि ज्यांनी भार वाहायचा ते मोकळे सुटतात! हे तपासून पाहायचे तर दोन कर्ण्यांच्या यंत्रावर पहिली तबकडी लावावी. बास डाव्या बाजूस आहे आणि गिटार उजव्या. उजवी बाजू बंद करून पाच मिनिटे ऐकावे, मग डावी बंद करून ऐकावे. एका कामाची दोन अंगे वेगवेगळी दिसतात, आणि पुन्हा दोन्ही सुरू केल्यावर मघाचा गोंधळ गोंधळ राहत नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. द्वारसभा घेणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे की, ध्वनिक्षेपक कर्ण्यासमोर आला की यंत्र किंचाळू लागते. कर्ण्यातून निघालेला आवाज ध्वनिक्षेपक पुन्हा उचलतो, तो वाढून पुन्हा कर्ण्यात जातो, आणि हे चक्र फिरत राहते. आमची कितीतरी भाषणे या किंचाळीने ऐन रंगात मोडली आहेत. विजेच्या गिटारमध्येही हेच घडते. तिच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. तार हलली की वेटोळ्यात क्षीण वीज उत्पन्न होते आणि तीच वाढवून कर्ण्याला दिली जाते. आता वादक कर्ण्याच्या जवळ गेला, तर कर्ण्याच्या आवाजानेच तार हलू लागते. बोट न लावता सूर टिकून राहतो, फुगतो, कधी वरच्या पट्टीत उडी घेतो. आम्ही ज्याला बिघाड म्हणून शिव्या देत होतो, त्यालाच टाउनशेंडने कामाला लावले आहे. ‘माय जनरेशन’ हे १९६५ साली आलेले छोटेसे गाणे येथे सुमारे पंधरा मिनिटे चालते. त्यात मध्येच दुसऱ्या रचनांचे तुकडे येतात, सारे काही शांत होते, पुन्हा उसळते. त्या शांततेत हे टिकलेले सूर नीट ऐकू येतात. प्रथम ऐकणाऱ्याने तेथूनच आरंभ केला तरी चालेल.

परंतु आमचे मन बसले आहे ते ‘समरटाइम ब्लूज’वर. एडी कॉक्रन या अमेरिकन गायकाचे हे १९५८ सालचे गाणे. विषय असा की, एका पोराला सुट्टी हवी आहे. मालक त्याला जादा वेळ राबायला लावतो. आईबाप कामचुकार म्हणून गाडी देत नाहीत. शेवटी तो लोकप्रतिनिधीकडे गाऱ्हाणे नेतो, तर तुला मताचा अधिकारच नाही, असे उत्तर मिळते. हे नुसते विनोदाचे नव्हते. अमेरिकेत १८ वर्षांच्या तरुणाला सर्वत्र मत मिळाले ते १९७१ सालच्या घटनादुरुस्तीने. मालकाचा आवाज एंटविसलने असा खोल, जड, कंटाळलेला काढला आहे की, तो ऐकताच आम्हाला आमचे जुने व्यवस्थापक आठवले. (नावे कशाला घ्या!) पहिले गाणे ‘यंग मॅन ब्लूज’ हेही मोझ ॲलिसन या अमेरिकन पियानोवादकाचे, म्हाताऱ्यांच्या हाती पैसा आणि तरुणाच्या हाती काही नाही, हा त्याचा आशय. मूळ रचना मिनिटभराची, हळू आवाजातली. या चौघांनी तिला मोर्चाचे रूप दिले.

आता ही तबकडी निघाली कशी ते सांगतो. १९६९ साली ‘टॉमी’ या त्यांच्या संगीतकथेचे कार्यक्रम अमेरिकेत झाले, तेव्हा त्यांची पुष्कळ ध्वनिमुद्रणे केली होती. परत आल्यावर त्या फितींचा ढीग पाहून टाउनशेंडला तो ऐकत बसण्याचा कंटाळा आला आणि त्याने त्या जाळून टाकण्यास सांगितले. ही हकीकत त्याने स्वतःच सांगितली आहे, आणि नंतर पश्चात्तापही व्यक्त केला आहे. मग लीड्स आणि दुसऱ्या दिवशी हल येथील नगरभवन, असे दोन कार्यक्रम खास मुद्रणासाठी ठरले. हलचा कार्यक्रम अधिक चांगला झाला असे वादकांनाच वाटत होते. परंतु फीत लावून पाहतात तो आरंभीच्या काही गाण्यांत बास गिटार उमटलेलीच नाही! म्हणून लीड्स. हलची मुद्रणे पुढे २०१० साली, जेथे बास नव्हता तेथे लीड्सचा बास बसवून, प्रसिद्ध झाली.

लीड्सच्या फितींतही दोष होता. कुठेतरी तारांचा जोड नीट नसल्याने चटचट असा आवाज मध्येच येई. तेव्हा तो काढता आला नाही. मग काय केले? तबकडीच्या मधल्या कागदावरच हाताने लिहून टाकले की, हे चटचटणे ठीक आहे, दुरुस्त करू नये. वेष्टनही साध्या तपकिरी पुठ्ठ्याचे, वर शिक्का मारल्यासारखे नाव. त्या सुमारास चोरून मुद्रित केलेल्या कार्यक्रमांच्या तबकड्या विकल्या जाऊ लागल्या होत्या, त्यांचीच ही नक्कल. आत मात्र जुन्या कागदपत्रांच्या प्रती घातल्या होत्या, त्यांत वुडस्टॉकच्या महोत्सवाचा करार आणि एका कंपनीचे नकाराचे पत्रही होते. करारपत्र उघड्यावर टाकणारा कलावंत आम्हाला फारच आवडला.

मे १९७० मध्ये तबकडी निघाली तेव्हा तीत सहाच गाणी होती, जेमतेम ३८ मिनिटांची. कार्यक्रम तर दोन तासांहून अधिक चालला होता. बाकीची गाणी १९९५ च्या आणि २००१ च्या आवृत्त्यांत बाहेर आली. तेव्हा प्रत्यक्ष कार्यक्रमाची तबकडी म्हणजे कार्यक्रम नव्हे, हे ऐकणाऱ्याने ध्यानात ठेवावे. निवड झालेली असते, काटछाट झालेली असते. काही वेळा याहूनही अधिक होते. ‘थिन लिझी’ या आयरिश वाद्यवृंदाची १९७८ सालची प्रत्यक्ष कार्यक्रमाची तबकडी पुष्कळशी मागाहून स्टुडिओत वाजवलेली आहे, असे तिचा निर्माता टोनी व्हिस्काँटी याने म्हटले, आणि वाद्यवृंदाकडून ते नाकारले गेले. हजेरीपटावर सही एका दिवसाची आणि काम दुसऱ्या दिवसाचे, असा हा वाद आहे.

येथे आमच्या पेशाचा प्रश्न येतो. वादकाचे काम एकदा मुद्रित झाले की ते त्याच्यावाचून हजार ठिकाणी वाजते. मग ज्या हॉटेलात, रेडिओत, नाचघरात माणसे वाजवीत होती, त्यांचे काय? अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने, जेम्स पेट्रिलो अध्यक्ष असताना, १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. महायुद्ध चालू होते, वर्तमानपत्रे तुटून पडली, तरी वादक हटले नाहीत. कंपन्या नुसते गायक आणि मागे आ-ऊ करणारी माणसे घेऊन तबकड्या काढू लागल्या. डेक्का कंपनी १९४३ साली नमली, व्हिक्टर आणि कोलंबिया नोव्हेंबर १९४४ मध्ये. प्रत्येक तबकडीमागे ठरावीक रक्कम संघटनेच्या निधीत आली, आणि तीतून बेकार वादकांना लोकांसाठी विनामूल्य कार्यक्रम करण्याचे काम मिळाले. यंत्र मोडा, असे ते म्हणाले नाहीत; यंत्राच्या मिळकतीत वाटा द्या, म्हणाले. आपल्या देशात गायकवादकांना त्यांच्या मुद्रित कामाच्या व्यापारी वापराबद्दल मानधनाचा हक्क कायद्याने स्पष्टपणे मिळाला तो २०१२ च्या दुरुस्तीने.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘द हू’च्या १९७६ सालच्या लंडनमधील एका कार्यक्रमात कर्ण्यांपासून ३२ मीटरवर १२६ डेसिबल आवाज मोजला गेला, आणि तो विक्रम म्हणून नोंदला गेला. आपल्याकडील कारखान्यात आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा आहे. साचेखात्यात जन्म काढलेल्या कामगारांशी आम्ही जेव्हा बोलतो, तेव्हा त्यांच्या कानाशी तोंड न्यावे लागते. टाउनशेंड आणि डॉल्ट्री या दोघांनीही आपली श्रवणशक्ती क्षीण झाल्याचे जाहीरपणे सांगितले आहे. त्यांना कीर्ती तरी मिळाली; आमच्या विणकरांना भरपाईसाठी खेटे घालावे लागले. या तबकडीत जोर भरपूर आहे. तो जाणवण्यासाठी कर्णा फाडण्याची गरज नाही. खोलीतल्या माणसाशी बोलता येईल इतक्या आवाजात ती पूर्ण ऐकू येते.

कीथ मून १९७८ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी वारला. एंटविसल २००२ मध्ये गेला. उरलेले दोघे २००६ साली पुन्हा त्याच भोजनगृहात वाजवून आले, आणि तेथे भिंतीवर स्मृतिफलक बसला. १९९५ च्या आवृत्तीत संगणकाच्या साहाय्याने ते चटचटणे बहुतेक काढून टाकले आहे. आमच्याकडे दोन्ही प्रती आहेत. तुलनेसाठी नवी लावतो खरी, पण मालकाच्या त्या जड आवाजापाशी आलो की हात जुन्या तपकिरी पुठ्ठ्याकडे जातो.