कुलपाच्या आत काय असतं?



गेल्या पावसाळ्यात आमच्या बचत गटाच्या पेटीची किल्ली हरवली. बैठकीचा दिवस, बारा जणी सतरंजीवर बसलेल्या, वही उघडलेली आणि पेटी बंद. एकीला दुसऱ्या दिवशी लेकीची फी भरायची होती, तिचं कर्ज मंजूर होऊन पेटीत पडलेलं. शेवटी पेटी टमटममध्ये घातली आणि चौघी जणी तालुक्याच्या बाजारात किल्लीवाल्याकडे गेलो. त्याने दोन बारीक पट्ट्या कुलपात घातल्या, मान थोडी तिरकी केली आणि चहाला उकळी येईपर्यंत कुलूप उघडून हातात दिलं.

जाताना आम्ही घाईत होतो, येताना मात्र सगळ्या गप्प. अर्ध्या वाटेवर थोरल्या काकी म्हणाल्या, "त्याला येतं ते आणखी कुणालाही येत असंल की." मग आम्ही आजवर कशाच्या भरवशावर होतो?

पुढच्या बाजाराला आम्ही परत गेलो आणि हे शिकवा म्हणालो. किल्लीवालेदादा हसले, पण तयार झाले. दोन अटी मात्र घातल्या. कुलूप स्वतःचंच असलं पाहिजे, आणि ते रोजच्या वापरातलं नको. शिकाऊ हाताने आतली स्प्रिंग वाकली तर ऐन वेळी आपलंच दार अडतं. कुलपं उघडण्याचा छंद असलेली माणसं जगभर आहेत, तीही हेच दोन नियम पाळतात. दुसऱ्याच्या कुलपाला विचारल्याशिवाय हात लावला की तो छंद राहत नाही.

आधी तुमची किल्ली बघा. ती चपटी असून तिच्या एका कडेला करवतीसारखे खालीवर दाते असतील, तर तुमचं कुलूप बहुधा खिट्यांचं, म्हणजे पिनांचं आहे. लांब दांडीची आणि टोकाला चौकोनी पान असलेली किल्ली बहुतेक वेळा लिव्हरच्या कुलपाची असते. त्याची तऱ्हा वेगळी, आज ते नको.

खिट्यांच्या कुलपात एक पितळी गाभा असतो. किल्ली त्यातच शिरते आणि तोच फिरतो. गाभ्यात एका ओळीत चार-पाच भोकं असतात, आणि तशीच भोकं बाहेरच्या अंगातही असतात, बरोबर समोरासमोर. प्रत्येक भोकात एकावर एक दोन खिट्या आणि त्यांच्या डोक्यावर एक स्प्रिंग. किल्ली नसते तेव्हा स्प्रिंग खिट्यांना खाली दाबते आणि वरची खिटी अर्धी अंगात, अर्धी गाभ्यात अडकून बसते. दाराला आडणा लावावा तशी. म्हणून गाभा फिरत नाही.

आता गाभा आणि अंग यांच्यामधला सांधा म्हणजे दोन वावरांमधला बांध समजा. बरोबर किल्ली आत गेली की तिचे दाते एकेका जोडीला नेमकं इतकं उचलतात, की वरची खिटी बांधाच्या वर आणि खालची बांधाच्या खाली राहते. बांधावर कुणीच नाही, म्हणून गाभा फिरतो. खालच्या खिट्या लहानमोठ्या असतात. किल्लीवर जिथे खाच खोल, तिथली खिटी लांब. शेजारणीची किल्ली आपल्या कुलपात शिरते पण फिरत नाही, ती यामुळे.

मग किल्लीशिवाय हे उघडतं कसं? तर भोकं पाडणाऱ्या यंत्राच्या चुकीमुळे! कितीही नेमकं काम केलं तरी चार भोकं अगदी एका रेषेत येत नाहीत, केसाएवढा फरक राहतोच. त्यामुळे गाभा हलकेच फिरवायला गेलं की सगळ्या खिट्या एकदम अडत नाहीत. आधी एकच अडते. तिला शोधून उचलली की बारीक "टिक" होतं, गाभा जरासा सरकतो आणि वरची खिटी बांधावरच टेकून राहते. मग दुसरी अडते. असं एकेक करत शेवटची बसली की गाभा वळतो आणि कडी सुटते.

यासाठी दोन पट्ट्या लागतात. एक ताण द्यायला, काटकोनात वाकवलेली. आमची गाडीच्या जुन्या वायपरमधल्या पोलादी पट्टीची आहे. दुसरी खिट्या उचलायला, टोकाला थोडी वर वळलेली. ती हॅकसॉच्या मोडक्या पात्यापासून घासून केली. घासताना पातं सारखं पाण्यात बुडवत राहायचं. तापून निळं पडलं तर त्याचा कडकपणा जातो आणि ते वाकतं.

सगळी चूक होते ती ताणात. पहिले दोन दिवस आम्ही पाटा-वरवंटा चालवल्यासारखा जोर लावला. जोर जास्त झाला की सगळ्याच खिट्या आवळतात आणि काहीच कळत नाही. झाडावरचं सीताफळ पिकलंय का, हे बघायला जेवढं दाबतो तेवढंच बोट ठेवायचं. खिटी जास्त उचलली तर खालचीही बांधावर चढून बसते. मग ताण सोडायचा, सगळ्या खाली पडू द्यायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून. यात डोळ्यांना काम नाही. तांदळात हात फिरवताना खडा जसा बोटांना कळतो, तशी अडलेली खिटी कळते. म्हणूनच की काय, आमच्यात पहिलं कुलूप उघडलं ते काकींनी, ज्यांना चष्म्याशिवाय वहीतला आकडा दिसत नाही.

ही विद्या रेडिओवर सांगावी का, यावर आमच्यात वादही झाला. हाच वाद लंडनमध्ये १८५१ साली झाला होता. तिथल्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्स नावाच्या अमेरिकन कारागिराने अजिंक्य समजली जाणारी कुलपं उघडून दाखवली. चब यांचं कुलूप त्याने सुमारे २५ मिनिटांत उघडलं. ब्रामा यांच्या कुलपाला सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले. लोक चिडले, पण कुलूप करणाऱ्यांना सुधारणा कराव्या लागल्या. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत अमेरिकेत लायनस येल यांनी आजच्या खिट्यांच्या कुलपाला आकार दिला. मूळ कल्पना मात्र हजारो वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधल्या लाकडी खिट्यांच्या कुलपातली.

आम्ही सांगायचं ठरवलं, त्याचं कारण आमची पेटी. कुलूप कळल्यावर आम्ही ती नीट पाहिली आणि लाजच वाटली. कोयंडा दोन स्क्रूंवर होता, आणि स्क्रू बाहेरून दिसत होते! खिट्या चाचपत बसण्याइतका वेळ चोराला कुठला? त्याने साधा पेचकस लावला असता. आता तिथे बाहेरून गोल डोक्याचे बोल्ट आहेत आणि त्यांचे नट पेटीच्या आत. कुलूपही बदललं. नव्यात वरच्या काही खिट्या डमरूसारख्या, मध्ये बारीक आहेत. त्या अर्धवट उचलल्या की गाभा थोडा फिरतो, उघडल्यासारखं वाटतं आणि तिथेच अडकतो. काकींना ते अजून जमलेलं नाही. दुकानात विचारताना खिट्या किती आणि डमरूच्या आहेत का, एवढं विचारा. दुकानदार आधी बघत राहतो, मग आतल्या खोक्यातलं कुलूप काढतो.

आणखी एक, कुलपात खोबरेल तेल घालू नका. त्याला धूळ चिकटते आणि खिट्या गुळात पडल्यासारख्या होतात. पेन्सिलीच्या शिशाची पूड किल्लीला चोळून चार वेळा आतबाहेर करा, पावसाळ्यात फार उपयोग होतो.

पेटीत आम्ही आता गरजेपुरतीच रोकड ठेवतो, बाकी बैठकीच्या दुसऱ्या दिवशी बँकेत. नव्या कुलपाच्या दोन किल्ल्या दोन गल्ल्यांत, दोघींकडे. आणि जुनं कुलूप बैठकीच्या खोलीत खिळ्याला टांगलंय. कर्जाचा हिशोब लांबला की कुणीतरी ते काढून मांडीवर घेतं, आणि मध्येच "टिक" असा आवाज येतो.